नदीला दार लावताना

निघाले तेव्हा बाबा पडवीत फळी रंधत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "तिकडं नदीला दार लावतात म्हणं. ते कसं लावतात, नीट बघून ये गो."

बाबा सुतार आहेत. शाळेत गेले नाहीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.एस्सी., बी.एड. ही गोष्ट मी संधी मिळेल तिथं सांगते, म्हणून इथंही सांगून टाकते. लांजा तालुक्यातल्या आमच्या वाडीत पाऊस असा पडतो की छपराखाली बोललेलं ऐकू येत नाही, आणि एप्रिलात त्याच वाडीतल्या बायका दोन हंड्यांसाठी घाटी (उताराची पायवाट) उतरतात. मधला वहाळ (ओढा) सगळं पाणी घेऊन खाडीला जातो. त्याच्यावर बंधारा आहे, नाही असं नाही. बांधला तेव्हा लाकडी फळ्या घातल्या, दोन वर्षं पाणी थांबलं. मग फळ्या गळायला लागल्या, मग कोणी घातल्याच नाहीत. आता त्या देवळाच्या मांडवात आहेत, भजनी मंडळ त्यांच्यावर बसतं. यंदा गणपतीनंतरच्या बैठकीत हा विषय निघाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिकलेल्या माणसाकडे लोक असे दोनदाच बघतात. अर्ज लिहायचा असतो तेव्हा, आणि कोणालाच काही सुचत नसतं तेव्हा.

मला रेखा आठवली. बी.एड.ला कोल्हापूरच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. तिला इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठच्या गावात दिली आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढं कळेल. तिला फोन केला तर म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत ये. त्याच आठवड्यात आमचे ढापे पडतात." ढापे म्हणजे बंधाऱ्यात बसवायच्या लोखंडी फळ्या. "पण आधी भिगवणला उतर. अडलेलं पाणी बघ, मग अडवायचं बघ."

शाळेतली मोजायची टेप पिशवीत टाकली आणि निघाले.

पुण्याहून सकाळच्या गाडीनं भिगवणला उतरले. स्टेशनवर तीन-चार माणसं, आणि बर्फाच्या पेट्यांतून मासे भरलेला एक टेम्पो. उजनी धरण इथून पुष्कळ लांब आहे, पण त्याचा फुगवटा (मागं पसरलेलं पाणी) भिगवणच्या उंबऱ्यापर्यंत आला आहे. कोकणातल्या माणसाला पाण्याचं फार कौतुक नसतं, तरी मी काठावर थांबले. समुद्राला लाट असते. हे पाणी नुसतं बसून होतं. मध्येच बाभळीचे वाळके शेंडे वर आलेले, त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. रोहित पक्षी अजून यायचे होते. "ते थंडी पडली की येत्यात," होडीवाला म्हणाला, "तुमी लवकर आलासा."

होडीवाला पस्तिशीचा असेल. काठ लांब गेल्यावर त्यानं वल्हं थांबवलं.

"आमचं जुनं गाव हितंच हाय. आत्ता तुमी चावडीवर बसलाय म्हणा."

मी होडीबाहेर वाकून बघितलं. हिरवट पाणी, दुसरं काही नाही.

"दिसायचं न्हाय आत्ता. धरण प्लसमधी हाय. मे म्हैन्यात मायनसमधी गेलं की आधी देवळाचं शिखर दिसतं, मग भिंती."

धरणातलं वापरायचं पाणी संपून तळचा साठा उरला की इथले लोक त्याला मायनस म्हणतात. सहावीतल्या पोरांना ऋण संख्या शिकवताना मी घाम गाळते. इथं ती होडीवाल्याच्या तोंडात होती.

"वाईट वाटत असेल," मी म्हटलं.

"आमच्या म्हाताऱ्याला वाटायचं. माझा जन्म पाणी आल्यावरचा. मला ह्ये पाणीच गाव."

रस्त्याकडेच्या खानावळीत जेवले. मालकानं मी कुठली ते विचारलं आणि ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. "कोकणातल्या? मग तुमाला आमचं मासं काय आवडायचं!" त्यानं चिलापी तळून आणली, शेजारी झणझणीत रस्सा आणि हाताएवढी भाकरी. मी पहिला घास घेतला तेव्हा तो तिथंच उभा.

"माशाला मीठ नाही," मी खरं ते सांगितलं. "आमच्या माशाला अंगचं मीठ असतं."

"हितं धरणात मीठ कोण टाकणार, बाई? आमीच टाकतो, आन त्ये रश्शात टाकलंय. रस्सा घ्या."

रस्सा घेतला. दोनदा घेतला.

भिगवणहून एसटीनं बारामती, आणि बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलून इंदापूरच्या रस्त्याला लागले. इथं नदी दिसत नाही, पाट दिसतो. नीरेवरच्या धरणातून निघालेला कालवा बारामती शहरातून जातो आणि पुढं या रस्त्याची सोबत करतो. त्याला ठरावीक अंतरावर फाटे फुटलेले, आणि फाट्यांना नंबर. सणसरच्या जवळ कंडक्टर "छत्तीस फाटा!" म्हणून ओरडला आणि चार माणसं उतरली. शेजारी भाजीची रिकामी क्रेटं मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. तिनं मला माहेर विचारलं आणि मग लगेच, "तुमच्यात कितवा फाटा?"

"आमच्यात फाटे नाहीत. कालवाच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग पाण्याची पाळी कशी कळती?"

"पाळी नाही. पावसात सगळ्यांना एकदम, उन्हाळ्यात कोणालाच नाही."

"अगं बया," ती म्हणाली आणि तिनं क्रेटात उरलेल्या दोन काकड्या काढून माझ्या हातात दिल्या. अशी कीव माझी आजवर कोणी केली नव्हती.

सणसरच्या पुढं दोन्हीकडे ऊस. कारखान्यांचे बॉयलर नुकते पेटलेले, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या मध्यातून डुलत चाललेल्या. शेळगावच्या थांब्यावर रेखा स्कूटर घेऊन उभी होती. आठ वर्षांत थोडी जाड झाली आहे, बोलणं पूर्वीसारखंच भरभर. "चल, उजेड आहे तोवर नदी दाखवते," म्हणाली आणि मी नीट बसायच्या आत निघाली.

बंधारा पहिल्यांदा बघितला तेव्हा ऊन कलतं होतं. नदीत या काठापासून त्या काठापर्यंत दगडी खांबांची रांग, वरून एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. पलीकडचा काठ सोलापूर जिल्ह्यातला. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. असे बावीस गाळे, आणि सगळ्यांतून पाणी गुडघाभर, बिनधास्त चाललेलं.

रेखानं समजावलं ते असं. प्रत्येक खांबाच्या अंगाला उभी खोबण कापलेली आहे. एका गाळ्यात दोन खोबणींमध्ये सहा ढापे एकावर एक बसतात. ते बसले की नदी थांबते आणि मागं तीन-चार किलोमीटर तळं होतं. दोन्ही काठांच्या मोटारी उन्हाळाभर त्या तळ्यावर चालतात. पावसाळ्याआधी ढापे काढून घ्यायचे. तेव्हा राहिले तर पुराचं पाणी अडतं आणि काठ फोडून बाजूनं वाट काढतं. म्हणजे नदीला दार आहे, पण ते वर्षातून एकदा लावायचं आणि एकदा उघडायचं. ज्या त्या वेळेला.

"आणि वेळ चुकली तर?"

"वरच्या धरणातून सोडलेलं पाणी बंद झालंय. आता हे वाहतंय ते उरलंसुरलं. शिवाय वर दुसरा बंधारा आहे. त्यांनी दार लावलं की आपल्याकडं थेंब येत नाही."

म्हणून या काठावर एक रिवाज आहे. खालच्या गावानं आधी ढापे घालायचे, त्यांचं झालं की वरच्यानं, मग त्याच्या वरच्यानं. खालून वर फोन जातो, "आमचं पडलं, तुमी घाला." कागदावर हे कुठंही नाही. यंदा वरच्या गावाला बुधवार सकाळ सांगितलेली होती. आज रविवार.

रेखाची दोन एकर पेरूची बाग याच तळ्याच्या पाण्यावर आहे. झाडं तिसऱ्या वर्षात, पहिलं फळ येत्या उन्हाळ्यात धरायचं. ती मला बागेतून घरी घेऊन गेली आणि वाटेत झाडांना हात लावत गेली, शाळेत आपण पोरांच्या डोक्याला लावतो तसा.

घरी तिचे सासरे भेटले, भानुदास तात्या. सत्तरीचे, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. बंधाऱ्याची कमिटी त्यांच्याकडे आहे. मी कशासाठी आले ते ऐकून खूश झाले.

"बगा की, बाई. आमचा बंधारा बगून जावा. ह्या नीरेवर आमच्यासारखे ढापे कुणाचे न्हाईत. औंदा रंग दिलाय."

जेवताना तीन वेळा रंगाचा विषय निघाला.

सोमवारी सकाळी सातला काठावर पंधरा-वीस माणसं जमली. ढापे शेडमध्ये रचून ठेवलेले, आणि खरंच देखणे. आकाशी निळे, एकशे बत्तीस, सगळे एकसारखे चमकत होते. पहिला ढापा चौघांनी उचलला, दोरानं गाळ्यात सोडला. तो अर्ध्यात अडकला. काढला, दुसरा सोडला. तो सैल, दोन्हीकडून बोट जाईल एवढी फट. तिसरा तिरका झाला.

दोर धरलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "आरं नंबर बगून द्या की! हा कितव्या गाळ्याचा हाय?"

शेडमध्ये दोन-चार ढापे उलटेपालटे करून झाले. मग एक जण बाहेर आला. "नंबर न्हाईत."

"न्हाईत म्हंजे?"

"रंगाखाली गेलं."

हे मला समजायला थोडा वेळ लागला. बंधारा जुना, दगड हातानं घडवलेला. एकही गाळा दुसऱ्याइतका रुंद नाही, कुठं दोन बोटं जास्त, कुठं कमी. म्हणून ढापेही ज्याच्या त्याच्या मापाचे. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात गाळ्याचा आणि ढाप्याचा आकडा होता. गंज चढू नये म्हणून मे महिन्यात रंग दिला, आणि रंगाऱ्यानं सगळं एकसारखं निळं करून टाकलं.

"बाहेरचा रंगारी," एक जण म्हणाला. "त्याला काय कळतंय?"

"त्याला निस्तं पैसं कळत्यात," दुसरा.

तात्या शेडच्या दाराशी उभे होते.  मी रेखाकडे बघितलं तर ती जमिनीकडे बघत होती.

आता मी पुढं झाले. माझ्याकडे टेप होती आणि पदवी होती. म्हटलं, प्रत्येक गाळ्याची रुंदी घेऊ, प्रत्येक ढाप्याची लांबी घेऊ, खडूनं लिहू आणि जुळवू. सोपं गणित आहे. लोकांना पटलं. रेखा वही घेऊन बसली, दोघे जण टेप धरायला आले, आणि आम्ही दुपारी ऊन डोक्यावर येईपर्यंत मापं घेतली. बावीस गाळे, एकशे बत्तीस ढापे. मी आकडा ओरडायची, रेखा लिहायची. त्या दोन-तीन तासांत मी स्वतःवर फार खूश होते, हे कबूल करते.

दुपारनंतर जुळवून बघितलं तर तीन ढीग झाले: आखूड, मधले, लांब. आखूडही चोवीस आणि लांबही चोवीस, ते त्यांच्या आठ गाळ्यांत संध्याकाळपर्यंत मागंपुढं करून बसले. मधल्या ढिगात चौऱ्याऐंशी ढापे आणि चौदा गाळे, सगळे जवळजवळ एकाच मापाचे. टेपनं बरोबर म्हटलेला ढापा खोबणीत जाईना. वर्षानुवर्षं पाण्यानं रेटून प्रत्येक ढापा आपापल्या जागेवर थोडा वाकला आहे, आणि वाक टेपला लागत नाही.

मंगळवारी सकाळी मारुती आबा आले. धनगर समाजातले. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायचे, आता मुलं शेती करतात आणि आबा बंधाऱ्याच्या कामाला दर वर्षी असतात. सोमवारी लेकीकडे गेले होते. त्यांना कोणीतरी झालेला प्रकार सांगितला. आबांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला आणि निळ्या ढिगाभोवती एक फेरी मारली.

"संध्याकाळी मेंढरं चरून आली की कोकरं सोडायची असत्यात," ते मला म्हणाले. "शंभर कोकरं, शंभर आया. जिचं तिला द्यायचं. चुकीचं लावलं तर ती लाथ मारती."

"मग ओळखायचं कसं?"

"वळखू येतं."

त्यांनी एका ढाप्यावरून तळहात फिरवला, डोळा बारीक करून कडेनं बघितलं आणि म्हणाले, "ह्यो नव्वा गाळा. खालनं दुसरा."

चौघांनी उचलला, सोडला. ढापा अडकला.

सगळे हसले. आबाही हसले. "लाथ मारली. मग अकरावा." अकराव्यातही गेला नाही. "ऐका तात्या," टेप धरणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "आबांच्या कळपात कोकरं उपाशी मेली असतील की!"

पण तिसरा बसला. आणि मग आबांच्या हाताला लय लागली. ते कडेच्या चिरा, ठोके, रबरी पट्टीची झीज बघायचे; मी टेपनं चुकीचे वगळून त्यांच्यापुढं थोडेच ठेवायची. पाचातले तीन बरोबर निघायचे. उरलेले उलटसुलट करून बघायचे. काम पुढं सरकत होतं, पण दुपारी बारा वाजता मी वहीत बघितलं तर मधले नऊ गाळे अजून मोकळे होते. उद्या सकाळी वरचा बंधारा बंद होणार. नऊ गाळे मोकळे म्हणजे तळं नाही. पाणी असंच निघून गेलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत नदीत खडक.

रेखानं वही माझ्या हातातून घेतली आणि मिटून ठेवली. "आज होत नाही," ती हळूच म्हणाली. "उद्याचा दिवस मिळाला तर होईल."

दिवस मागायचा म्हणजे वरच्या गावच्या धनाजीरावांना फोन करायचा. तो तात्यांनी करायचा होता. तात्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला. मग त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. तसं करायची गरज नव्हती.

"धनाजीराव, राम राम."

"राम राम, तात्या. पडलं का?"

"न्हाय पडलं. येक दिस द्या. बिस्तरवारी घाला तुमी."

"बुधवार ठरलाय न्हवं? आमचीबी माणसं सांगून ठेवल्यात. झालं काय?"

तात्यांनी शेडकडे बघितलं. "नंबर रंगाखाली गेलं. रंगारी इचारत हुता, नंबर ठेवू का म्हणून. मीच म्हणलो, काय नगं, सगळं येकसारखं दिसू दे. चूक माझी हाय."

 कालपासून त्या रंगाऱ्याला शिव्या घालणारी तोंडं सगळी तिथंच होती.  मग धनाजीराव हसायला लागले, मोठ्यानं, खोकला येईपर्यंत.

"तात्या, देवाची आण सांगतो, आमच्याकडंबी येत्या मे म्हैन्यात रंग द्यायचं ठरलंय! तुमचं बगूनच ठरवलं हुतं. बरं झालं सांगितलं. घ्या येक दिस. शुक्रवार म्हणाल तर शुक्रवार, पर पाणी तेवढं असलं पायजे."

"बिस्तरवार पुरे," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला. खाली वाकून त्यांनी दोराचं एक टोक उचललं. कडक इस्त्रीचा सदरा संध्याकाळपर्यंत पाठीला चिकटून गेला.

आबा त्यांच्या शेजारी दोर धरून होते. "मेंढराला आमीबी रंग लावतो, तात्या," ते म्हणाले. "दिसाया बरा असतो. पर त्यो पावसात जातो. म्हणून कानाला चीर देतो. चीर जात न्हाय."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"तुमी इचारलं कुठं?"

बुधवारी दुपारी तीनला शेवटचा गाळा भरला. सगळे ढापे बसले असं नाही म्हणता येणार. दोन ढापे कशातच बसले नाहीत, आणि सातव्या आणि सोळाव्या गाळ्यात सर्वांत वरची जागा मोकळी राहिली. म्हणजे तळं यंदा एका ढाप्यानं, साधारण दीड फुटानं, खाली राहणार. मी विचारलं, दीड फुटानं काय फरक पडतो? रेखा म्हणाली, काठाच्या वरच्या अंगाला ज्यांच्या मोटारीची नळी उथळात आहे, त्यांना एप्रिलनंतर पाणी मिळत नाही.

"कोणाची आहे तिथं?"

"मामांची." म्हणजे तात्यांची. तिथं ते दर उन्हाळ्यात काकडी आणि दोडका करतात. यंदा तो तुकडा पडीक राहील. पेरूची नळी खोलात आहे.

मग मी ते बघितलं, ज्याच्यासाठी एवढ्या लांब आले होते. ढापे बसले तरी त्यांच्या सांध्यांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडत होत्या, आमच्या वहाळाच्या फळ्यांतून उडायच्या तशाच. आमच्याकडे तेवढं बघून लोकांनी फळ्या काढून टाकल्या. इथं कोणी त्याकडे ढुंकून बघितलं नाही. बायांनी उसाचं पाचट (वाळकी पानं) आणि काळी माती तुडवून गोळे केले आणि खालच्या कडेला ठासले. मग कारखान्यावरून आणलेला उसाचा भुसा पोत्यांनी वरच्या अंगाला, ढाप्यांच्या अगदी जवळ, पाण्यावर सोडला. भुसा तरंगला, फिरला, आणि जिथं फट होती तिथं पाण्यानंच त्याला ओढून नेलं. एकेक पिचकारी बारीक होत गेली. पाणी ज्या वाटेनं पळत होतं, ती वाट त्यानंच बुजवली. मी तासभर तिथंच उभी होते.

"झालं?" मी आबांना विचारलं.

"उद्या परत गळंल. परत टाकायचा. आठ-धा दिस टाकायला लागतो." ते माझ्याकडे बघून हसले. "दार लावलं म्हंजे झालं, आसं नसतंय बाई. राखायला लागतं."

गुरुवारी सकाळी निघायच्या आधी बंधाऱ्यावर गेले. पाणी वरून दुसऱ्या ढाप्याला लागलं होतं. रात्रीतून एवढं. खालच्या अंगाला नदीचे खडक उघडे पडलेले, वरच्या अंगाला पाणी पसरत उसाच्या बांधाजवळ आलेलं. तात्या एकटेच शेडसमोर उकिडवे बसले होते, हातात छन्नी आणि हातोडा. न बसलेले ते दोन निळे ढापे त्यांच्यापुढं आडवे होते. एकाच्या कडेवर एक चीर मारून झालेली.

"बाकीचं मे म्हैन्यात काढताना करू," ते म्हणाले. "ह्येच्यावर हात बसवतोय."

"पण तात्या, हे दोन तर कुठल्याच गाळ्याचे नाहीत."

"म्हणूनच. चुकलं तर चालतंय." मग माझ्याकडे वर बघून, "तुमच्या तिकडं सांगू नका, बाई, आमच्या गावाचं नाव."

नाही सांगितलं.

परतीच्या गाडीत वही उघडली. मापांची पाच पानं, आणि शेवटी रेखाच्या अक्षरात गाळ्यांची यादी. आपण शिकलो म्हणजे मापता येतं, लिहिता येतं, आणि ते कामाला येतं. सोमवारी अठ्ठेचाळीस ढापे माझ्या टेपनं बसले, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी सोडणार नाही. पण मापलं की झालं असं मला वाटत होतं, तिथं मी चुकले. आमच्या वाडीतल्या लोकांनाही फळ्या घातल्या की झालं असं वाटलं होतं. दोन वर्षांनी गळतंय म्हणून त्यांनी नाद सोडला, आणि मी त्यांना मनातून अडाणी म्हणत आले.

घरी पोचले त्याच दिवशी बाबांना घेऊन देवळात गेले. मांडवातल्या फळ्या मोजल्या, चोवीसपैकी एकोणीस निघाल्या. भजनी मंडळानं आधी कुरकुर केली, मग दोघे जण उचलू लागले. वहाळावर नेऊन एकेक खोबणीत लावून बघितली. तीन दिवस लागले. कमी पडलेल्या पाच बाबांनी फणसाच्या लाकडातून कापल्या. मी पिशवीतून रंगाची छोटी डबी आणि ब्रश काढला, नंबर घालायला. सवय जात नाही.

बाबांनी डबीकडे बघितलं. "आकडा कशाला गो? मला वाचाया येतो काय?" आणि पटाशी घेऊन त्यांनी पहिल्या फळीच्या कडेला एक खाच पाडली. दुसरीला दोन.

काल रेखानं मोबाइलवर फोटो पाठवला. सातव्या आणि सोळाव्या गाळ्यावरून पाण्याचे दोन पांढरे पट्टे खाली पडताहेत, बाकीचे वीस गाळे कोरडे, निळे. तळं तेवढ्यापुरतं भरून सांडलं. खाली तिनं एवढंच लिहिलं होतं, "मामा म्हणतात, तिथं हरभरा टाकतो, त्याला पाणी लागत नाही."

मी तो फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग मोबाइल परत देऊन म्हणाले, "आपला बंधारा बघून येऊया, परत गळायला लागला असेल. भुसा टाकायचा झाला असेल." आमच्याकडे ऊस नाही. बाबांच्या करवतीचा भुसा आहे, तो पोत्यात भरला आणि आम्ही दोघं वहाळाकडे निघालो.